बेसमेंटमध्ये भिजलेले पंचे

ते बटण मीच दाबलं होतं, हे आधीच सांगून टाकते.

२०१७ च्या शेवटी आम्ही नागपूरहून कॅनडात, रिचमंड हिलला आलो. नवऱ्याची नोकरी सॉफ्टवेअरमधली, ती ठरूनच आली होती. माझ्याकडे नुसतं वर्क परमिट होतं. नागपूरला मी ज्युनिअर कॉलेजात अकरा वर्षं केमिस्ट्री शिकवलेली, पण इथे जिथे अप्लाय करावं तिथे एकच प्रश्न यायचा, कॅनडियन एक्स्पिरियन्स आहे का? तो कुणीतरी दिल्याशिवाय येणार कुठून, हे कुणी सांगत नव्हतं. मग एकदा लायब्ररीच्या बोर्डवर हातानं लिहिलेली चिठ्ठी दिसली. एका छोट्या संग्रहालयाला आठवड्यातून तीन दिवस मदतनीस हवी होती. खाली लिहिलं होतं, ‘हात कोरडे आणि स्वच्छ असावेत.’

संग्रहालय म्हणजे एका जुन्या, बैठ्या, विटांच्या शाळेचा हॉल. आत रशियातल्या खेड्यांमधल्या वस्तू मांडलेल्या होत्या. जवळजवळ सगळ्या दोनच गोष्टींपासून बनवलेल्या, जवस आणि बर्च झाडाची साल. सालीच्या टोपल्या, मिठाचे डबे, चपला, पाळणा, दूध ठेवायची उभी भांडी. जवसाच्या धाग्याचे सदरे, चादरी, आणि लाल नक्षीचे लांब पांढरे पंचे. लग्नात, बारशाला, मयताला, प्रत्येक वेळी वेगळा पंचा लागायचा म्हणे.

हे सगळं जमवणारी बाई ऐंशीच्या पुढची होती आणि हॉलच्या मागच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. दुसऱ्या महायुद्धानंतर आईबरोबर निर्वासितांच्या छावणीतून ती लहानपणी कॅनडात आली. पुढे जन्मभर म्हाताऱ्या रशियन लोकांच्या घरी जाऊन, त्यांची मुलं फेकून देतील त्या आधी एकेक वस्तू तिनं मागून आणली. मी त्यांना ‘बाई’ म्हणायचे. आमच्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला असं म्हणतात, असं सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून शिक्षिकेसारख्याच वागायला लागल्या.

पहिल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, “जवस आमच्याकडेही पिकतो. आम्ही त्याची चटणी करतो.”

“आणि काड्या?”

“काड्यांचं काही करत नाहीत.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भात टाकून नुसता पेंढा खाते असं म्हणाले. मग एक जुडी माझ्या हातात दिली. काड्या पाण्यात कुजवायच्या, वाळवायच्या, कुटायच्या, मग खिळ्यांच्या फणीतून विंचरायच्या. तासाभरानं माझ्या हातात केसांसारखा मऊ, करडा झुपका होता आणि बोटांना तीन ठिकाणी रक्त. बाई म्हणाल्या, “ठीक. सोमवारपासून ये.”

माझ्या कामांपैकी एक काम बेसमेंटचं होतं. जागा नव्हती म्हणून अर्ध्याहून जास्त वस्तू खालीच असायच्या, लाकडी मांडण्यांवर. बेसमेंटच्या कोपऱ्यात, इथल्या बऱ्याच घरांत असतो तसा, जमिनीत एक खड्डा होता. आजूबाजूच्या मातीतलं पाणी त्यात झिरपायचं आणि पंप ते बाहेर फेकायचा. वीज गेली तर पंप चालू राहावा म्हणून शेजारी एक बॅटरी होती. दर शुक्रवारी मी खाली जाऊन दमटपणाचा आकडा लिहायचे, पंप आणि बॅटरी बघायचे, आणि भिंतीवरच्या कागदावर टिकमार्क करायचे. बाईंचे गुडघे दुखायचे. त्या खाली क्वचित उतरायच्या.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका शाळेची मुलं आली होती. वर बाई त्यांना सूत कातून दाखवत होत्या आणि खालून सारखं टीं... टीं... वाजत होतं. मुलं हसायला लागली. बाईंना कमी ऐकू यायचं, त्यांना कळेना मुलं का हसतायत. मी धावत खाली गेले. बॅटरीच्या डब्यावर लाल दिवा होता, म्हणजे बॅटरी बिघडली होती. खाली एक बटण होतं, आवाज बंद करण्याचं. ते मी दाबलं आणि वर आले.

बाईंना नंतर सांगू, असं ठरवलं. पण त्याच दिवशी संध्याकाळी मला त्यांच्याकडून पीआरच्या, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या, अर्जासाठी पत्र मागायचं होतं, आणि त्या आधीच वैतागलेल्या होत्या. सोमवारी सांगू म्हटलं. सोमवारी विसरले. शुक्रवारी कागदापुढे उभी राहिले तेव्हा लाल दिवा दिसत होता. मी तरी टिकमार्क केला. पुढच्या आठवड्यात माणूस बोलवू, बोलवला की सांगू, असं मनाशी म्हटलं. त्या टिकमार्कला दोन सेकंदही लागले नसतील.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळपासून गोठणारा पाऊस सुरू झाला. आकाशातून पाणी पडत होतं आणि जिथे पडेल तिथे काच होत होतं. पायऱ्या, तारा, झाडांच्या फांद्या, सगळ्यावर काच. मी कशीबशी चालत हॉलवर पोचले. बघायला येणारं कुणीच नव्हतं. दुपारी दोनच्या सुमाराला बाहेर कुठेतरी मोठी फांदी मोडल्याचा आवाज झाला आणि वीज गेली.

बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “येईल. इथे नेहमी तासाभरात येते.”

माझे कान बेसमेंटकडे लागले होते. वीज गेली की बॅटरीवर पंप सुरू होताना घरघर यायची. ती आली नाही.

पाच मिनिटं मी तशीच बसले. मग फोनचा टॉर्च लावून खालचं दार उघडलं. पायऱ्यांच्या तळाशी काळं काहीतरी चमकत होतं. आधी वाटलं फरशी ओली झालीय. मग त्यावर एक पुठ्ठा हळूहळू फिरत जाताना दिसला.

मी वर येऊन बाईंच्या कानाशी ओरडले, “खाली पाणी शिरलंय.”

त्यांनी रबरी बूट चढवले आणि मी काही म्हणायच्या आत जिना उतरायला लागल्या. एक हात कठड्यावर, दुसरा भिंतीवर. मी पुढे होऊन त्यांना अडवलं.

“बाई, खाली प्लगमध्ये मशीन आहे. दमटपणा ओढणारं. ते फरशीवरच आहे, पाण्यात.”

“वीज गेलेली आहे.”

“कुठल्याही क्षणी येईल. तुम्हीच म्हणालात.”

“माझ्या आईचे पंचे खालच्या फळीवर आहेत,” त्या म्हणाल्या. “बाजूला हो.”

त्या मला ढकलत होत्या. ऐंशी ओलांडलेली बाई, पण जन्मभर सूत पिळलेले हात होते ते. मी त्यांचे दोन्ही दंड धरले आणि आयुष्यात कुठल्याही मोठ्या माणसावर ओरडले नसेन इतक्या जोरात ओरडले, “वर बसा! बसा तिथे!” त्या पायरीवर बसल्या.

मेन स्विचचं पॅनल खालीच, समोरच्या भिंतीवर. तिथवर जायचं म्हणजे पाण्यातून चालत जायचं. मी नवऱ्याला फोन केला.

“पाण्यात पाय टाकू नकोस,” तो म्हणाला. “ऐकतेयस ना? हायड्रोला फोन कर, फायरवाल्यांना कर. मी निघतो.”

“गाडी आणू नकोस. रस्ता बघ कसा आहे.”

“मागच्या आठवड्यातच विंटर टायर्स काढले गं,” तो म्हणाला. “चालत येतो.”

हायड्रोच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, फोनवर नुसतं संगीत वाजत होतं. अग्निशमन दलात फोन घेणारीनं शांतपणे पत्ता घेतला. कुणी जखमी आहे का, विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाली, “आज सगळीकडे तारा तुटल्या आहेत, वेळ लागेल. कुणीही त्या पाण्यात उतरू नका.” मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण बूट काढले नाहीत.

मग आम्ही दोघी जिन्यावर बसून पाणी बघत राहिलो. टॉर्चच्या उजेडात ते वाढताना दिसत नव्हतं. पण मांडणीच्या पायावर एक गाठ होती. मघाशी ती वर होती, आता नव्हती.

पाण्यातून एक सालीचं भांडं तरंगत आलं. मग दुसरं. नंतर टोपल्या आल्या, एकमेकींना टकरा देत, जिन्याकडे. मी वाकून त्या उचलल्या. एकाही भांड्यात आत थेंब नव्हता. “त्यांना काही होत नाही,” बाई म्हणाल्या. “साल आहे ती. झाड पावसात उभंच असतं ना.” त्यांचा आवाज कोरडा होता. त्यांची नजर खालच्या फळीवर होती. तिथे सालीचीच एक मोठी चपटी पेटी होती, झाकणाला दोरी बांधलेली. तिच्या सांध्यांतून मात्र पाणी शिरत असणार. तिच्यात पंचे होते. शेजारी आणखी दोन तशाच पेट्या, आणि मागे एक पत्र्याचा डबा.

जिन्यापासून ती फळी सहा-सात फूट असेल. झाडू पुरला नाही. मी वर धावले, हॉलभर नजर फिरवली. खिडकीच्या बाजूला भिंतीवर कावड टांगलेली होती. पाणी वाहायची, आपल्याकडे असते तशीच, वाकवलेल्या लाकडाची, दोन्ही टोकांना लोखंडी आकडे. ती शंभर वर्षांपेक्षा जुनी होती. तिला हातमोज्यांशिवाय हात लावायची मला परवानगी नव्हती.

मी ती घेऊन खाली आले तेव्हा बाई क्षणभर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “आकडा खालून घाल. दोरीत.”

शेवटच्या कोरड्या पायरीवर मी गुडघे टेकले. बाईंनी वरच्या पायरीवर बसून माझ्या जॅकेटचा मागचा भाग दोन्ही मुठींत धरला. मी पूर्ण पुढे वाकले. आकडा दोरीला लागायचा आणि सुटायचा. खांदे भरून आले. पाठीमागून बाई सूचना देत होत्या, “डावीकडे. अजून. आता उचल, ओढू नकोस. उचल.” चौथ्यांदा आकडा बसला. पेटी फळीवरून घसरून पाण्यात पडली, आत बुडते की काय असं वाटलं, पण वर आली आणि आमच्याकडे सरकायला लागली. बाईंनी ती माझ्या हातातून ओढून छातीशी धरली. पाणी त्यांच्या अंगावरून खाली वाहत होतं.

दुसरी पेटी लवकर आली. तिसरीची दोरी तुटली, ती मी ढकलत ढकलत आणली. राहिला पत्र्याचा डबा. त्यात बाईंच्या वह्या होत्या. कोणती वस्तू कुणाच्या घरून आली, कुणी विणली, कुठल्या गावात, कुणाच्या लग्नात, हे सगळं चाळीस वर्षं लिहिलेलं. डब्याला आकडा अडकवायला काहीच नव्हतं. तो पाण्यात अर्धा बुडाला होता.

त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त तो टिकमार्क होता. पाणी घोट्याच्या वर फारसं नव्हतं. चार पावलं जायचं, चार यायचं. मी बूट घट्ट केले आणि एक पाय पाण्याच्या वर नेला.

जॅकेट मागून ओढलं गेलं. “नको,” बाई म्हणाल्या.

“चार पावलंच आहेत.”

“नको म्हणाले ना. वह्या गेल्या तर जाऊ देत.”

“बाई, तुम्हाला माहीत नाही...”

मी वाक्य पूर्ण करायच्या आत बेसमेंटमधला दिवा लागला. सगळं पाणी एकदम पिवळं झालं. कोपऱ्यात त्या मशीनच्या जागी ठप्प असा आवाज झाला, निळसर काहीतरी चमकलं, जळकट वास आला आणि पुन्हा अंधार. मी पायरीवर मागच्या मागे पडले, बाईंच्या अंगावर. बराच वेळ आम्ही दोघी तशाच पडून होतो. त्यांचं हृदय माझ्या पाठीला जाणवत होतं.

पेट्या वर आणल्यावर खरी घाई सुरू झाली. ओलं झाल्यानं जवसाचा धागा बिघडत नाही, उलट मजबूत होतो, हे बाईंनी मला शिकवलं होतं. भीती लाल धाग्याची होती. काही पंच्यांची नक्षी जुन्या, मुळांपासून केलेल्या रंगाची होती, तो टिकणारा. पण काहींवर बाजारातला स्वस्त लाल होता. पेटी उघडली तेव्हा वरच्याच पंच्याच्या फुलांभोवती गुलाबी छटा पसरायला लागली होती.

इथे मात्र मला काय करायचं ते माहीत होतं. “घडी राहू द्यायची नाही,” मी म्हटलं. “लाल भाग पांढऱ्याला टेकता कामा नये. टिपायचं, पुसायचं नाही.” बाईंनी एका शब्दानंही विरोध केला नाही. आम्ही सगळी टेबलं मोकळी केली, बाकं उलटी केली, त्यांच्यावर बाईंच्या स्वतःच्या पांढऱ्या चादरी अंथरल्या. एकेक पंचा उलगडायचा, सपाट पसरायचा, वरून कागदी टॉवेल दाबायचा, लाल झाला की फेकायचा, नवा घ्यायचा. कागद संपले. मग बाईंनी आपल्या उशांचे अभ्रे आणले. वीज अजून नव्हती, हीटिंग बंद, हॉलमध्ये श्वासाची वाफ दिसत होती, बोटं लाकडासारखी झाली होती.

चारच्या पुढे दार वाजलं. नवरा. दोन किलोमीटरला त्याला पावणेदोन तास लागले होते. दोनदा पडला होता, कोपर फुटलं होतं. त्यानं आधी माझे पाय बघितले, कोरडे आहेत का. मग काही न विचारता जॅकेट काढून पंचे टिपायला लागला.

त्या वेळीच मी सांगितलं. बाई समोरच्या टेबलाशी होत्या. मी मोठ्यानं बोलले, म्हणजे एकदाच सांगावं लागेल. “बॅटरी आठवड्याभरापासून बंद होती. ती वाजत होती. मी आवाज बंद केला. काल कागदावर ठीक असल्याची खूण केली.”

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. बाईंनी बघितलं नाही. त्या हातातला अभ्रा दाबत राहिल्या. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा म्हणायला तोंड उघडलं.

“ऐकलं,” त्या म्हणाल्या. “तो कोपरा धर. सुटतोय.”

अग्निशमनवाले संध्याकाळी आले, त्यांनी बाहेरून वीज तोडली आणि पाणी उपसलं. आम्ही निघालो तेव्हा बाई म्हणाल्या, “मी बोलावल्याशिवाय येऊ नकोस.”

अकरा दिवस फोन आला नाही. पत्राचा विषयच संपला, असं मी धरून चालले होते, आणि खरं तर पत्राची लाज वाटत होती. नवरा म्हणायचा, “अगं, जाऊन भेट ना.” मी म्हणायचे, “त्यांनी बोलावल्याशिवाय नको म्हटलंय.” मी रोज दुपारी फोन हातात घेऊन बसायचे.

बाराव्या दिवशी त्यांनी बोलावलं. पंचे वाळले होते. पाचांवर गुलाबी डाग राहिले होते, त्यातला एक त्यांच्या आईनं स्वतःच्या लग्नासाठी विणलेला. पत्र्याच्या डब्यातल्या वह्यांचा लगदा झाला होता. टेबलावर एक कोरी, जाड वही होती.

“मी मेले की हे सगळं नुसतं कापड राहील,” त्या म्हणाल्या. “मी सांगते, तू लिही.”

तो उन्हाळा आम्ही लिहिण्यात घालवला. त्या वस्तू हातात घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि बोलायच्या. कधी गावाचं नाव आठवायचं नाही, तेव्हा चिडून मला बाहेर पाठवायच्या. कधी एकाच टोपलीची दोन वेगळी माणसं सांगायच्या. मी विचारायचे, “यातलं खरं कुठलं?” त्या म्हणायच्या, “दोन्ही लिही.” आईच्या पंच्याची पाळी आली तेव्हा त्यांनी बराच वेळ त्या डागावरून अंगठा फिरवला. गाव सांगितलं, छावणी सांगितली, जहाज सांगितलं. मग म्हणाल्या, “पुढे लिही. कॅनडात पाण्यात भिजला. अलार्म बंद करण्यात आला होता. कुणी केला, तेही लिही.”

मी माझं नाव लिहिलं.

“आणि कावडीनं कुणी बाहेर काढला, तेही,” त्या म्हणाल्या आणि पुढची वस्तू उचलली.

पत्र त्यांनी सप्टेंबरमध्ये दिलं. त्यात खोटं काही नव्हतं आणि फार गोडही काही नव्हतं. पुढच्या वर्षी ते संग्रहालय बंद झालं. पश्चिमेकडच्या प्रांतातल्या एका मोठ्या संग्रहालयानं सगळ्या वस्तू घेतल्या, वहीसकट. मला वॉटर्लूला एका प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि आम्ही तिकडे राहायला गेलो.

बाई एटोबिकोच्या एका वृद्धाश्रमात गेल्या. मी महिन्यातून एकदा जायचे. शेवटचं गेले तेव्हा डायनिंग रूममध्ये चार म्हाताऱ्या त्यांच्यासमोर सालीच्या पट्ट्या घेऊन बसल्या होत्या. एकीची वीण चुकली होती. बाईंनी तिच्या हातातून काम काढून घेतलं, सगळं उसवलं आणि पट्ट्या तिच्यापुढे परत ठेवल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, “उभी काय राहिलीस? हात धुऊन ये.”